यंत्रशोधक रुडॉल्फ डिझेल आणि टाकीचा काटा

काही थोर पुरुषांची नावे इतिहासाच्या ग्रंथांत राहतात, काहींची रस्त्यांना व चौकांना मिळतात. परंतु काही थोड्या पुरुषांच्या वाट्यास असे विलक्षण भाग्य येते की, त्यांचे नाव लोकांच्या जिभेवर अहोरात्र असते, आणि नाव घेणाऱ्याच्या ध्यानीमनीही तो पुरुष नसतो. अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या कोणत्याही पेट्रोलपंपावर घटकाभर उभे राहावे. डिझेल हा शब्द इतक्या वेळा कानी पडेल की, मोजता मोजता पुरेवाट व्हावी. हा शब्द मुळात तेलाचे नाव नव्हे, एका माणसाचे आडनाव होय, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल बरे? त्या माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

यास एक निमित्तही आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आमच्या या उपनगरांत ज्या घरी डिझेलची गाडी आहे, त्या घरी एक वाद केव्हा ना केव्हा होतोच. टाकीचा काटा खालच्या रेघेस टेकला असता गाडी आणखी किती चालेल? एक पक्ष म्हणतो की, काटा भित्रा असतो, तो खाली गेला तरी तेल पुष्कळ उरते. दुसरा पक्ष म्हणतो की, काट्याचा भरवसा धरणे म्हणजे बुडत्याने काडीचा आधार धरणे होय. या वादाचा निकाल लावावयाचा तर ते इंजिन कसे चालते हे कळले पाहिजे. आणि इंजिन कळावयाचे तर ते ज्याने निर्माण केले त्याची ओळख करून घेणे हाच सुलभ मार्ग होय. शिवाय, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, काट्यावर किती विसंबावे हा प्रश्न त्या पुरुषाच्या स्वतःच्या आयुष्यातही मोठ्या दारुण रीतीने उभा राहिला होता.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिस शहरी झाला. आईबाप जातीने जर्मन, बव्हेरिया प्रांतातले. पोटापाण्यासाठी पॅरिसला येऊन राहिलेले. वडील थिओडोर हे चामड्याच्या वस्तू बनवीत. घरची स्थिती बेताची होती. लहानगा रुडॉल्फ तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवीत असे, आणि सवड मिळाली की शहरातील यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन तेथील जुनी यंत्रे न्याहाळीत उभा राही. अभ्यासातही तो मागे नव्हता. वयाच्या बाराव्या वर्षी त्यास शाळेतील हुशारीबद्दल कांस्यपदक मिळाले.

परंतु त्याच वर्षी, म्हणजे 1870 साली, फ्रान्स व जर्मनी यांच्यात युद्ध जुंपले, आणि पॅरिसमधील जर्मन लोकांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब जिवानिशी लंडनला गेले. तेथे सर्वांचे पोट भरणे कठीण, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबुर्ग गावी काकांकडे धाडण्यात आले. हे काका, बार्निकेल, गणिताचे शिक्षक होते. आईबापांपासून दूर, परक्या गावी, तो मुलगा त्या गुरुगृही राहिला आणि तेथेच त्याच्या आयुष्यास वळण लागले. चौदाव्या वर्षी त्याने आईबापांस पत्र लिहून कळविले की, आपण यंत्रशास्त्रज्ञ होणार. घरी मिळवत्या हाताची गरज होती, त्यामुळे आईबापांस हा बेत रुचला नाही. तथापि रुडॉल्फ शाळेत पहिला आला आणि 1875 साली त्यास म्युनिक येथील तंत्रविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. गरिबाघरच्या मुलास विद्येवाचून दुसरा वाली नसतो, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

म्युनिक येथे कार्ल फॉन लिंडे या नावाचे एक नामांकित अध्यापक होते. कृत्रिम रीतीने थंडी व बर्फ उत्पन्न करण्याच्या यंत्रांत त्यांनी मोठे नाव मिळविले होते. उष्णतेच्या शास्त्रावर व्याख्यान देताना त्यांनी विद्यार्थ्यांस दाखवून दिले की, वाफेच्या इंजिनात जो कोळसा जळतो त्याच्या उष्णतेपैकी शंभरातले जेमतेम सहा ते दहा भाग कामी येतात. बाकीची सारी उष्णता फुकट जाते. वर्गातील इतर विद्यार्थ्यांनी हे टिपून घेतले आणि ते विसरले. रुडॉल्फच्या मनात मात्र ते काट्यासारखे रुतले. रुपयातील नव्वद पैसे जो व्यापारी रस्त्यावर उधळतो त्यास आपण वेडा म्हणतो. मग सारे जग ज्या यंत्रावर चालले आहे ते असे उधळे का असावे? या एका प्रश्नाने पुढे पंधरा वर्षे त्यांचा पिच्छा पुरविला.

त्या काळी आमच्या मुंबईतही वाफेचेच राज्य होते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली ती आजच्या घाटकोपर व मुलुंडच्या रानांतूनच धुराचे लोट सोडीत गेली होती. त्या धुराबरोबर किती उष्णता वाया जात होती, याचा हिशोब त्या वेळी तेथे कोण करणार!

1879 साली परीक्षेच्या ऐन वेळी रुडॉल्फ विषमज्वराने आजारी पडले. परीक्षा हुकली, परंतु मधला काळ वाया न घालविता त्यांनी स्वित्झर्लंडमधील एका कारखान्यात हाताने काम करून अनुभव मिळविला, आणि 1880 च्या आरंभी ते उत्तम गुणांनी पदवीधर झाले. त्यानंतर लिंडे यांच्याच हाताखाली पॅरिसला बर्फाच्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. 1883 साली मार्था फ्लाशे या सुशील युवतीशी त्यांचा विवाह झाला. त्यांस दोन मुलगे व एक मुलगी अशी तीन अपत्ये झाली. दिवसा बर्फाची नोकरी आणि उरल्या वेळी अग्नीचे चिंतन, असा त्यांचा क्रम होता. प्रथम वाफेऐवजी अमोनियाचा उपयोग करून पाहावा म्हणून त्यांनी प्रयोग केले. त्यांत यंत्र फुटून त्यांच्या जिवावर बेतले होते. तथापि त्यांनी हाती घेतलेले काम टाकिले नाही.

अखेरीस त्यांस जी कल्पना सुचली ती अशी. सायकलच्या चाकात पंपाने जोराने हवा भरू लागले म्हणजे पंपाचे तोंड तापते, हे प्रत्येक मुलाने अनुभविले असेल. हवा दाबली की तापते, हा सृष्टीचा नियमच होय. मलाया व ब्रह्मदेशाकडे लोक पूर्वीपासून एका बंद नळीत दट्ट्या फटकन दाबून कापसासारखी वस्तू पेटवीत असत, तेही याच नियमाने. डिझेल यांनी विचार केला की, लोखंडी नळकांड्यात केवळ हवा घेऊन ती इतकी दाबावी की ती स्वतःच लाल निखाऱ्यासारखी तप्त व्हावी, आणि मग तीत तेलाचा बारीक फवारा सोडावा. म्हणजे काडी नको, ठिणगी नको, तेल आपोआप पेटेल आणि दट्ट्यास ढकलील. आजच्या डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळावा ते विसावा हिस्सा उरेपर्यंत दाबली जाते आणि तिची उष्णता पाचशे अंशांच्या वर जाते. जितका दाब अधिक तितकी उष्णतेची उधळण कमी, हे त्यातील मर्म होय.

या कल्पनेचे पेटंट त्यांस 1893 च्या फेब्रुवारीत मिळाले आणि त्याच साली त्यांनी आपल्या तत्त्वाचा ग्रंथही प्रसिद्ध केला. विद्वानांपैकी कित्येकांनी त्यास हसण्यावारी नेले. परंतु ऑग्सबुर्ग येथील यंत्रांच्या कारखान्याचे चालक हाइनरिख फॉन बुत्स यांनी त्यांस जागा, माणसे व द्रव्य दिले आणि क्रुप यांचाही हातभार लागला. ज्या गावी निर्वासित मुलगा म्हणून ते आले होते, त्याच गावी त्यांचे यंत्र उभे राहू लागले.

10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्या यंत्रात तेल सोडण्यात आले. क्षणार्धात तोफेसारखा आवाज झाला आणि नळकांड्यातील दाब मोजण्यासाठी बसविलेले मापकयंत्र फुटून त्याचे तुकडे इतस्ततः उडाले. दैव बलवत्तर म्हणून कोणास इजा झाली नाही. दाब सुमारे ऐंशी वातावरणांइतका चढला होता. इतका दाब दाखविण्याची त्या मापकाची ताकदच नव्हती. दुसरा एखादा निराश होऊन घरी गेला असता; डिझेल यांनी मात्र यातून इतकेच घेतले की, तेल आपोआप पेटते हे तर सिद्ध झाले. त्या दिवशीच्या त्या घटनेत आणखीही एक धडा आहे. मापक जोवर आपल्या मर्यादेत आहे तोवरच ते खरे बोलते. मर्यादेच्या टोकाशी त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

पुढे चार वर्षे ते यंत्र घडले, मोडले, पुन्हा घडले. 17 फेब्रुवारी 1894 रोजी ते पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चालले. किती वेळ म्हणाल, तर अवघे एक मिनिट! आणि बरोबर तीन वर्षांनी, 17 फेब्रुवारी 1897 रोजी, म्युनिकचे अध्यापक श्रोटर यांनी तिसऱ्या यंत्राची रीतसर परीक्षा घेतली. जळालेल्या तेलाचा नेमका हिशोब झाला आणि निघालेल्या कामाशी तो ताडून पाहण्यात आला. तेलाच्या उष्णतेपैकी शंभरात 26 भागांहून किंचित अधिक भाग कामी आले होते. वाफेच्या इंजिनाहून हे किती पटींनी चांगले, हे विद्यार्थ्यांनीच मागील आकड्यांशी ताडून पाहावे. ते तीन मीटर उंचीचे यंत्र म्युनिकच्या संग्रहालयात जतन करून ठेविले आहे.

आता कीर्ती व लक्ष्मी दोघीही दारी आल्या. अमेरिकेतील हक्कांसाठी तेथील बुश नावाच्या धनिकाने दहा लक्ष मार्क मोजिले. रशिया, फ्रान्स व इतर देशांतूनही हक्कांची मागणी झाली. हातगाडीवर माल पोचविणारा मुलगा चाळिशीच्या आत लक्षाधीश झाला. 1900 साली जन्मगावी, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात, त्यांच्या इंजिनास सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळाले. तेथे एक लहान इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. शेतात पिकणाऱ्या तेलावर शेतकऱ्याचे इंजिन चालेल, अशी आशा डिझेल यांनी पुढे 1912 साली बोलून दाखविली. आमच्याकडील करंजाच्या बियांपासून इंजिनाचे तेल काढण्याचे प्रयोग झाले आहेत, त्यांचे मूळ त्या आशेतच शोधावे लागेल. त्याच 1912 साली सेलँडिया नावाचे डेन्मार्कचे जहाज डिझेल इंजिनांच्या बळावर कोपनहेगनहून थेट बँकॉकच्या सफरीस निघाले आणि समुद्रावरील वाफेच्या राज्यास पहिला धक्का बसला.

तथापि डिझेल इंजिनावर चालणारी मोटारगाडी पाहण्याचे सुख त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या हयातीतील इंजिने घराएवढी अवजड. तेलाचा फवारा उडविण्यास दाबलेल्या हवेचे निराळे यंत्र लागे. 1927 पासून रोबर्ट बॉश यांच्या कारखान्याचे तेल दाबून सोडणारे आटोपशीर पंप निघू लागले, आणि 1936 साली मर्सिडीझ-बेंझची पहिली डिझेल मोटार बाजारात आली. आमच्या महाराष्ट्रात 1946 साली पुण्यास किर्लोस्करांनी तेलाच्या इंजिनांची कंपनी स्थापिली आणि विहिरीवरच्या मोटेची जागा इंजिन घेऊ लागले.

असो. येथे चरित्राचा धागा क्षणभर सोडून आरंभीच्या वादाकडे वळू.

गाडीच्या टाकीत एका दांडीच्या टोकास एक हलका तरंगता गोळा बसविलेला असतो. तेलाबरोबर तो वर-खाली होतो, दांडी हलते, त्यायोगे विजेच्या प्रवाहास होणारा अडथळा कमी-जास्त होतो आणि तो बदल पुढील काट्यावर दिसतो. म्हणजे काटा तेल मोजीत नाही. तो केवळ तेलाची उंची सांगतो. टाकी जर चौकोनी डब्यासारखी असती तर उंचीवरून तेल कळले असते. परंतु ती बैठकीखाली, दांड्यांमधून, वाकडीतिकडी कोंबलेली असते. सबब अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी, असे खात्रीने म्हणता येत नाही.

दुसरे असे की, उड्डाणपुलाच्या चढणीवर तेल मागे सरते, उतारावर पुढे येते, आणि गचका बसला की हेलकावे खाते. काटा सारखा नाचू नये म्हणून कारखानदार त्यास मुद्दाम मंद ठेवितात. मग तो खरी स्थितीही उशिरा सांगतो. टाकी काठोकाठ भरली असता गोळा वरच्या टोकास अडकून राहतो, म्हणून काटा बराच काळ जागचा हलत नाही आणि मालक खूश होतो. खालच्या टोकास कारखानदार काही लिटर तेल रेघेखाली राखून ठेवितात. यासच लोक रिझर्व्ह म्हणतात. ते किती, हे गाडीगणिक निराळे असते; शेजाऱ्याच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीस लागू पडत नाही. शिवाय वर्षांमागून वर्षे घासून ती दांडीखालची पट्टी झिजते आणि जुन्या गाडीचा काटा थापा मारू लागतो.

नव्या गाड्यांत उरलेले तेल किती किलोमीटर पुरेल, हा आकडाही पडद्यावर दिसतो. त्याची गंमत अशी की, तो आकडा मागील काही प्रवासात तेल कसे जळले त्यावरून काढिलेला असतो. पुण्याहून मोकळ्या रस्त्याने आलेल्या गाडीस तो मोठा आकडा दाखवितो; तीच गाडी अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या कोंडीत सापडली की आकडा भराभर खाली येतो, कारण वातानुकूलन चालू ठेवून उभी असलेली गाडी जागच्या जागीही तेल खात असते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या उपनगरांतील रस्त्यांवर वाहने रात्रभर अडकून पडली. असा दिवस आधी निरोप धाडून येत नाही.

आता डिझेल गाडीची विशेष गोष्ट सांगावयाची ती ही. पेट्रोलची गाडी तेल संपून थांबली तर डब्यातून पेट्रोल आणून ओतावे, थोडा खटाटोप करावा, आणि बहुधा ती चालू लागते. डिझेल इंजिनात तेल अतिशय मोठ्या दाबाने फवारावे लागते. आजच्या गाड्यांत तो दाब हजार वातावरणांच्याही वर जातो. तेल दाबले तरी फारसे आकसत नाही, म्हणूनच असा दाब चढविता येतो. टाकी कोरडी पडली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो. हवा आकसते, दाब चढत नाही, फवारा उडत नाही. मिस्त्री यालाच गाडीने हवा धरली असे म्हणतात. मग नुसते तेल ओतून भागत नाही. हातपंप दाबून किंवा नळ्यांच्या चक्त्या सैल करून आतील हवा काढून टाकावी लागते. शिवाय त्या पंपाच्या आतील भागांस वंगण मिळते ते डिझेलचेच. कोरडा फिरला तर तो घासतो आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. टाकीच्या तळाशी पाणी व गाळ साचलेला असतो, तोही शेवटच्या घोटाबरोबर वर ओढला जाण्याची भीती असते. पाहा, काय चमत्कार आहे! नळकांड्यातील हवा हाच या इंजिनाचा प्राण. आणि तीच हवा तेलाच्या नळीत शिरली की त्याचा काळ होते. प्रत्येक वस्तू आपल्या ठिकाणीच शोभते, हे खरे.

तेव्हा वादाचा निकाल आम्ही असा देतो. पाव टाकीपर्यंत काट्यास मार्गदर्शक मानावे. पावाखाली त्यास पहारेकऱ्याची हाक समजावे. आणि शेवटच्या रेघेखाली त्याच्या भरवशावर एक पाऊलही टाकू नये, मग तो आजवर कितीही वेळा खरा ठरलेला असो. ज्यांस आपल्या गाडीचा काटा पारखावयाचा असेल त्यांनी साधे गणित करावे. पुस्तिकेत टाकीचे माप 45 लिटर दिले आहे असे समजा. इशाऱ्याचा दिवा लागताच टाकी भरली असता 38 लिटर तेल मावले, तर त्या वेळी सुमारे 7 लिटर उरले होते. असे तीन-चार वेळा लिहून ठेवावे. काट्यावर श्रद्धा ठेवण्यापेक्षा वहीवर ठेविलेली बरी. श्रोटर यांनीही डिझेल यांच्या इंजिनाची परीक्षा हिशोबानेच केली होती.

आता चरित्राचा अखेरचा भाग सांगावयाचा. तो दुःखद आहे, परंतु टाळून चालणार नाही.

डिझेल यांस द्रव्य मिळाले, पण ते राखण्याची विद्या मिळाली नाही. 1898 च्या सुमारास गिऱ्हाइकांकडे गेलेली पहिली इंजिने बिघडू लागली, चहूकडून तक्रारी आल्या, आणि अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळून काही काळ त्यांस आरोग्यधामात राहावे लागले. म्युनिक येथे त्यांनी राजवाड्यासारखे घर बांधिले. तेलाच्या खाणींत व जमिनींच्या व्यवहारांत त्यांनी पैसा गुंतविला आणि तो बुडाला. पेटंटांची मुदत संपली. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र काटा भरल्या टाकीवरच दिसत होता: तेच थोर घर, तीच मेजवानीची पंगत, देशोदेशी मानसन्मान, 1907 साली म्युनिकच्या विद्यापीठाची सन्माननीय पदवी. आत टाकी रिकामी होत चालली होती, आणि ती किती रिकामी आहे हे ते घरच्यांसही कळू देत नव्हते.

29 सप्टेंबर 1913 रोजी सायंकाळी बेल्जियममधील अँटवर्प बंदरी ते ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीत बसले. लंडनला एका कंपनीच्या सभेस जावयाचे होते. दोन सहकारी बरोबर होते. सर्वांनी मिळून जेवण केले, गप्पा झाल्या, आणि दहाच्या सुमारास सकाळी लवकर उठविण्यास सांगून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी आढळली. बिछान्यावर कोणी निजल्याची खूण नव्हती. त्यांची टोपी व अंगरखा बोटीच्या मागच्या बाजूस कठड्यापाशी मिळाला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक देह दिसला. त्यावरील वस्तू आपल्या वडिलांच्या आहेत असे त्यांच्या धाकट्या मुलाने ओळखिले. त्या रात्री काय घडले याचा निर्णय आजवर झालेला नाही. वर्तमानपत्रांनी नाना तर्क लढविले, ते येथे उगाळण्यात आम्हांस स्वारस्य नाही. एवढे मात्र मागाहून उघड झाले की, संपत्तीपेक्षा कर्जच अधिक उरले होते. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते.

शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. दहाही जणींचे दिवे सारखेच तेवत होते. बाहेरून पाहणाऱ्यास शहाणी कोण व मूर्ख कोण हे कळण्यास मार्ग नव्हता. भेद होता तो न दिसणाऱ्या जागी, तेलाच्या भांड्यांत. मध्यरात्री वर आला तेव्हाच तो भेद प्रकट झाला. ज्यांच्याजवळ तेल नव्हते त्या विकत आणावयास गेल्या, आणि तोवर दार बंद झाले.

विद्यार्थीमित्रहो, डिझेल यांच्या चरित्रापासून उद्योग, चिकाटी व विद्येची तळमळ हे गुण घ्यावयाचे आहेतच. गरिबी, परागंदा स्थिती, आजार व उपहास यांपैकी कशानेही तो मुलगा हटला नाही. परंतु दुसरीही एक गोष्ट घ्या. मनुष्याच्या मनाचीही एक टाकी असते, आणि चेहऱ्यावरचा काटा तिची खरी स्थिती सांगतोच असे नाही. अभ्यास मागे पडला, परीक्षेत अपयश आले, कोणी छळू लागले, किंवा काहीही कारण नसता मन उदास झाले, तर काटा भरलेला दाखवीत फिरू नका. वेळीच आईबापांस सांगा, शिक्षकांस सांगा, जिवलग मित्रास सांगा. पाव टाकी उरली असता सांगितलेले दुःख सहज भरून निघते. कोरडी पडल्यावर हवा काढण्यास फार कष्ट पडतात. आणि पालकांसही आमची नम्र विनंती आहे की, प्रपंचाची ओढाताण मुलांपासून अगदीच झाकून ठेवू नये, आणि मुलांच्या हसऱ्या चेहऱ्यावर विसंबून विचारपूस करावयाचे सोडू नये. विचारल्याने काही वाया जात नाही.

ज्या पुरुषाने वाया जाणाऱ्या उष्णतेचा एकेक भाग वाचविण्यासाठी आयुष्य वेचिले, त्याच्या मनावरील भार हलका करण्यास कोणी पुढे होऊ शकले नाही, याची हळहळ वाटते. परंतु त्याचे कार्य वाया गेले नाही. शेतातल्या विहिरीवर, सागरावरच्या जहाजात, आणि आमच्या उपनगरांच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मालमोटारींत त्याचे नाव अखंड चालू आहे. पुढच्या वेळी पंपावर गाडी थांबेल आणि तो शब्द कानी पडेल, तेव्हा क्षणभर त्या माणसाचे स्मरण करावे, आणि टाकी पुरती भरूनच पुढे निघावे.